मानकऱ्याचा बांध

मी शेवंती. माझं माहेर दासगावच्या बाजूचं, सावित्रीच्या काठाला. तिकडं पानी म्हंजे घरातलंच मानूस, भरतीला वर येनार, ओहोटीला खाली जानार, पुराच्या दिवसात अंगनात येऊन बसनार, पन येनार ते सांगून येनार, बापूस माझा उंबऱ्यावर बसून बघत राहायचा, पायरीला लागलं म्हनायचा, मंग आमी भांडी माळ्यावर टाकायचो, कोंबड्या टाकायचो, आनि वर जाऊन बसायचो. तुमी महाडच्या, ताई, तुमाला पुराचं मी काय सांगू, तुमी पन चिखल काढलाच असंल. तर अशा पान्यातली पोर मी, आनि मला दिलं वर डोंगरात, पोलादपूरच्या वर, कुडपनच्या अंगाला, जिथं चैत्रात हंडाभर पान्यासाठी दरीत उतरायला लागायचं. लग्नात रडत व्हते तर आये म्हनाली, रडतेस कशाला गो, तिथं बुडून तरी मरनार नायस.

नवरा माझा म्हादू, संतोषचा बापूस. बोलायला कमी, म्हशींशी मात्र दिवसभर बोलायचे. आमच्याकडं नाचनी, वरी, आनि म्हशी, यावरच सगळं. सकाळी दूध काढायचं, मी कॅन घेऊन खाली रस्त्याला यायची, तिथून यष्टीनं पोलादपूर. म्हशींचा गोठा पऱ्याच्या कडंला. आमच्याकडं ओढ्याला पऱ्या म्हनतात. गोठा तिथंच का, तर म्हशीला पानी लागतं, आनि त्या पऱ्यानं कधी कुनाचं वाकडं केलेलं नाय, सासऱ्याच्या आज्यापासून गोठा तिथंच हाय. हाय म्हंजे, व्हता.

आता तुमाला बांधाचं सांगते, ते कळल्याशिवाय पुढचं कळनार नाय. दिवाळी झाली की आमची वाडी पऱ्याला बांध घालते, दगड, माती, पेंढा, कमरेएवढा, मोठा नाय. त्यात पानी अडतं, म्हशी-शेरडांना फाल्गुनापर्यंत पुरतं. आनि वैशाखात, पाऊस यायच्या आधी, तो बांध मोकळा करायचा, कारन पावसात बांध ठेवून चालत नाय. याला मान असतो. एका घरचा मान. त्या घरच्यानं पयला दगड ठेवायचा, नारळ वाढवायचा, गुरवानं गाऱ्हानं घालायचं जननी आईला, आमच्या गावदेवीला, की बाय गो, या पान्याचं बरं ते सगळ्यांचं, वाईट ते मानकऱ्याचं. आनि वैशाखात त्याच मानकऱ्यानं हातानं पयला दगड काढायचा. त्यानं काढल्याशिवाय दुसऱ्या कुनी त्या बांधाला हात लावायचा नाय. मानकरी घरात नसला तर मानसं त्याच्या दारात जाऊन बसायची, पन हात लावायची नाय. लय कडक हाय ते आमच्यात.

तो मान वरच्या घराचा. ते घर गेलं मुंबईला, म्हातारी व्हती ती पन वारली, आनि पोरांनी जागा विकली. घेतली शेठनं. नाव नाय घेनार मी त्याचं, माझ्या तोंडाला विटाळ नको. शेठच म्हनते. गोरा, भारदस्त मानूस, पायात पांढरे बूट, आला तेवा सगळ्यांना काका-मामा करून बोलला, देवळाला पत्रे घातले. गावकीत, म्हंजे वाडीच्या बैठकीत, गोष्ट निघाली की बांधाच्या मानाचं काय करायचं. आमचे गावकार बबन भावोजी, माझे चुलत दीर, ते म्हनाले, जमीन गेली तिकडं मान गेला, शेठला इचारू. शेठला काय आनंद झाला म्हनून सांगू. फेटा बांधून आला. पयला दगड ठेवला, नारळ वाढवला, बरोबरची पोरं मोबाईलवर शूटिंग करत व्हती, आनि गुरवानं गाऱ्हानं घातलं, बरं ते सगळ्यांचं, वाईट ते मानकऱ्याचं, आनि शेठ सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हनाला, व्हय महाराजा. माझ्या कानांनी ऐकलंय मी.

मंग त्यानं आनला जेसीबी. आमचा कमरेएवढा बांध त्यानं घरापरीस उंच केला, मातीचा, वरून चालायला वाट केली, दिवे लावले, एका अंगाला नुसता एक पाईप ठेवला जादा पानी जायला. एवढा मोठा तलाव झाला की वाडी बघतच राहिली. बंगला बांधला, बोटी आनल्या, पायानं मारायच्या, बदकाच्या तोंडाच्या. मुंबई-पुन्याची मानसं यायची, पान्यात खेळायची, गानी लावायची. खोटं कशाला बोलू, आमाला पन बरं वाटलं. चैत्रात म्हशी पान्यात बसल्या, हे आमच्या डोंगरात कधी कुनी बघितलं नव्हतं. बायांना भाकऱ्या थापायचं काम मिळालं, मी पन थापल्या. ही बोटीवाली लोकं म्हनायची, आंटी क्या मस्त है. मी हसायची.

पयल्या वैशाखात शेठ आला, फेटा बांधून एक दगड उचलला, फोटो काढला, पाईपचं तोंड मोकळं केलं, पानी बऱ्यापैकी उतरलं. दुसऱ्या वैशाखात आलाच नाय. बबन भावोजींनी फोन केला तर म्हनाला, काका, पावसाळ्याचं बुकिंग फुल्ल हाय, लोकं तलाव बघायलाच येतात, रिकामा खड्डा दाखवू काय. येतो मी या रविवारी. तो रविवार काय उगवला नाय. ज्येष्ठ लागला. संतोषचा बापूस म्हशी घेऊन वर गेले, आले ते जेवले नाय, म्हनाले, बांधाच्या बुडातून पानी गळतंय, आनि लाल गळतंय, माती घेऊन येतंय. गावकीत जाऊन त्यांनी हेच सांगितलं, आज जाऊन फोडू या, सगळे मिळून. कुनी उठलं नाय. मानकऱ्यानं पयला दगड काढला नाय, आपन कसा हात लावायचा, उद्या काय झालं तर आई कोपली म्हनतील. परत फोन करू, म्हनाले. केला फोन. शेठ म्हनाला, माझ्या प्रॉपर्टीला हात लावलात तर पोलीस आनीन. ताई, मला शेठचा राग हाय तेवढाच त्या दिवसाचा पन हाय, पन माझी वाडी अडानी व्हती, हरामखोर नव्हती. परक्याच्या हातात आपला मान दिला आनि तो आपल्यासारखाच पाळंल असं धरून चाललो, ही आमची चूक. ही चूक आमीच करू जाने.

आषाढात फुटला. सकाळची येळ, उजाडलेलं, दूध काढायचं चाललं व्हतं. मी घरात कॅन धूत व्हते. वरून आवाज आला, मला वाटलं गाडी आली कुनाची, मंग वाटलं दरड. बाहेर आले तर पऱ्याच्या जागी लाल भिंत चालत येत व्हती, झाडं घेऊन. हे गोठ्यात. मी वरून ओरडले, पळा, पळा, अहो पळा. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडं बघितलं, ताई, आनि परत आत गेले, दावी कापायला. म्हशी बांधलेल्या व्हत्या ना. एक म्हस सुटून वर आली, तेवढी एकच. ते नाय आले. खाली वरीच्या खाचरात सापडले, कोयता हातातच. आता पुढचं मला इचारू नका.

शेठ आला तो तेराव्यानंतर. वकील घेऊन आला. तालुक्याची मानसं आलेली, ते इचारत व्हते, हे धरन कुनाचं. ताई, इथं माझं डोकं फिरलं ते अजून फिरलेलंच हाय. शेठ म्हनाला, धरन कसलं साहेब, हा तर गावाचा पूर्वापार बांध, दरवर्षी गावच घालतं, मी फक्त नारळ वाढवला, गावानं मला मान दिला. आनि तेच शूटिंग दाखवलं, आमची मानसं दगड आनतायत, गुरव गाऱ्हानं घालतोय, आनि त्यात संतोषचा बापूस पन व्हते, डोक्यावर माती घेऊन, हसत. माझा मेलेला नवरा त्यानं साक्षीला उभा केला. बंगला बायकोच्या नावावर, पऱ्या सरकारचा, बांध गावाचा, शेठ कुठंच नाय. साहेब लोकांपैकी एक म्हनाला, आमच्या खात्यात असलं धरन नोंदलेलंच नाय, दुसरा म्हनाला, आमच्याकडं पन नाय, एवढं छोटं आमच्यात बसत नाय. छोटं. लिहून घेतलं, अतिवृष्टीनं नैसर्गिक आपत्ती. म्हंजे माझा नवरा पावसानं मारला.

संतोष महाडला कारखान्यात हाय, तो आला आनि पेटलाच, रॉकेल घेऊन बंगल्याकडं निघाला. मी आडवी झाले. म्हटलं, बंगला जळला तर त्याला दुसरा मिळंल, तू आत जाशील, मंग मी कुनाचं तोंड बघू. थांब. म्हनाला, कशासाठी थांबू. म्हटलं, त्याच्या तोंडानं वदवायचंय मला, की बांध माझा. दुसरं काय नको. तेवढं तो बोलला की बास, तिथून त्याला मी सोडनार नाय. ताई, तुमी लिहिताय तर हे पन लिहा, न्याय-बियाय मी म्हनत नाय. मला सूड पायजे व्हता. रोज सकाळी चुलीपुढं बसले की पयला इचार तोच, रात्री पाठ टेकली की शेवटचा इचार तोच, आनि त्या इचारानं मला भाकरी गोड लागायची. लोकं म्हनायची, शेवंती सावरली. सावरली कसली, धार लावत बसले व्हते.

हिवाळ्यात त्यानं बांध परत घातला. कुनाला काय इचारलं नाय, जेसीबी आला, आधीपरीस रुंद केला, पानी सोडायला दगडी तोंड केलं, तलाव परत भरला, झऱ्याचं पानी हाय वर. मजुरांना भाकऱ्या कोन देनार इचारलं, मी म्हटलं मी देते. सगळी वाडी माझ्याकडं बघायला लागली. बबन भावोजी बोलले पन, लाज नाय वाटत. मी भाकऱ्या थापत राहिले. मला कळायला पायजे व्हतं, तिथं काय चाललंय. आनि भाकऱ्या देता देता कळलं, शेठला हे सगळं विकायचंय. पुन्याचा कुनी गिऱ्हाईक हाय, त्याला तलावासकट पायजे. तलाव नसंल तर नुसत्या बंगल्याला कोन इचारतं त्या डोंगरात.

त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर हसले. नवरा गेल्यापासून पयल्यांदा.

कारन बघा, बंगल्याला जायचा रस्ता वाडीच्या जागेतनं जातो, आनि मधला एक पट्टा माझा हाय, सासऱ्याच्या नावचा. पुन्याचा मानूस हुशार, त्यानं सांगितलं, वाडीनं रस्त्याला हरकत नाय म्हनून समोर बसून सांगायला पायजे, मंगच व्यवहार. शेठ आला गावकीकडं हात जोडून. बबन भावोजी त्याला हाकलनारच व्हते. मी म्हटलं, भावोजी, बोलवा. वैशाखात बोलवा, देवळात, सहानेवर. सहान म्हंजे पालखी टेकवायचा चौथरा, तिथं नारळ हातात घेऊन बोललेला शब्द आमच्यात फिरत नाय. आनि बोलनार मी, म्हटलं. बायका गावकीत बोलत नायत आमच्यात, मागं बसतात. भावोजी म्हनाले, बोल गो वयनी, आमाला तोंड हायच कुठं.

आले दोघं. पुन्याचा मानूस साधा वाटला, चष्मा, सोबत बायको. पोलीस पाटील आमच्यातलेच, ते पन बसलेले. मी पुढं गेले. आजपर्यंत शेठला मी तुमी म्हनायची, त्या दिवशी तू म्हटलं. म्हटलं, रस्ता द्यायला माझी हरकत नाय, एकच इचारते, वरचा तलाव, बांध, कुनाचा. आमी रस्ता कुनाला देतो ते कळायला नको काय. पुन्याचा मानूस शेठला म्हनाला, तुमचाच ना, तुम्ही तर खाजगी तलाव म्हनालात, भानगड काय नाय ना यात. मी नारळ पुढं केला. म्हटलं, घे हातात, आनि सांग. गावाचा म्हन, आमी आता वर जाऊन फोडतो, तुझा काय संबंध. नायतर तुझा म्हन.

बघा ताई, कसा अडकला तो. गावाचा म्हनावं तर विकायचं काय, आनि आपला म्हनावं तर म्हादू मेला कुनाच्या बांधानं. त्याचं तोंड बघायला माझा नवरा पायजे व्हता, असं वाटलं मला. घाम पुसला, पुन्याच्या मानसाकडं बघितलं, हावरट मानूस तो, हावच मोठी त्याची. नारळ घेतला. म्हनाला, बांध माझा हाय. पहिल्यापासून माझा.

मी पोलीस पाटलांना म्हटलं, ऐकलंत. ते म्हनाले, ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. मंग मी पुन्याच्या बाईला सांगितलं, बाई, याच बांधानं माझा नवरा नेला, आनि तेवा हा म्हनाला व्हता बांध गावाचा. ती बाई नवऱ्याकडं बघायला लागली, त्यानं शेठला इंग्रजीत काय तरी इचारलं, शेठ त त प प करायला लागला, आनि ती दोघं हात जोडून उठली, जाता जाता ती बाई माझ्या पाया पडली. गाडीत बसून गेली. शेठ पन उठला. मी म्हटलं, तू कुठं. वैशाख हाय. मानकरी तू, बांध तुझा, पयला दगड काढ. म्हनाला, उद्या जेसीबी पाठवतो. म्हटलं, मान हाताचा हाय, यंत्राचा नाय. सगळी वाडी उठून रस्त्यावर बसली, बायकापोरं, म्हातारी, कुनी काय बोललं नाय, कुनी त्याला बोट लावलं नाय. त्याची गाडी आत, आमी बाहेर.

पांढऱ्या बुटात वर चढला तो. टिकाव दिला हातात. पयला दगड काढून थांबला, मी म्हटलं, पानी जाईपर्यंत. दिवसभर त्या दगडी तोंडाशी खनत व्हता. हाताला फोड आले, फुटले, रुमाल बांधून खनत व्हता. मी समोर दगडावर बसलेले, उठले नाय. दुपारी म्हनाला, बाई, प्यायला पानी द्या. म्हटलं, तुझंच हाय की समोर एवढं, पी. आनि प्यायला तो, ओनवा होऊन, गढूळ. तुमाला वाईट वाटतंय काय ऐकून, वाटू दे. मला त्या दिवशी पयल्यांदा शांत झोप लागली. पानी हळूहळू गेलं, पऱ्यातनं, गोठ्याच्या जागेवरून, कुनाचं काय न बिघडवता.

सहानेवर बोलला त्यावरून संतोषनं महाडला वकील धरला, पोलीस पाटलांनी, गुरवानं, पुन्याच्या त्या मानसानं सुद्धा साक्ष दिली, केस परत उभी राहिली. तारखा पडतात. शेठ येतो, खाली मान घालून बसतो. निकाल काय लागंल ते माहीत नाय, माझ्या हयातीत लागंल असं पन वाटत नाय. बंगला पडून हाय, कुनी घेत नाय.

गावकी म्हनाली, याचा मान काढून घेऊ, परत आपल्यातल्या कुनाला देऊ. मी नको म्हटलं. मान त्याच्याकडंच ठेवा, म्हटलं, जिवंत हाय तोवर. मेल्याशिवाय त्याचा मान सुटायचा नाय. आता दिवाळी झाली की त्याला निरोप जातो, आनि त्याला यायला लागतं, कारन रस्ता माझा हाय, आनि साक्षीदार आमीच हाव, त्याच्या वकिलानंच सांगितलंय त्याला की या लोकांना दुखवू नको. येतो, हातानं दगड लावतो, कमरेएवढा, जेवढा आमी सांगू तेवढा. वैशाखात येतो, काढतो. फेटा नाय, शूटिंग नाय. मी जाऊन बसते समोर. यंदा आला तेवा म्हातारा दिसला, दम लागत व्हता, बीपीच्या गोळ्या खातो म्हनतात. हात जोडून म्हनाला, वयनी, आता माफ करा, किती दिवस. मी बोटानं पुढचा दगड दाखवला. पन त्याची ती अवस्था बघून जीवाला घोर लागला, ताई, खरंच लागला. घरी आले, दिवा लावला, जननी आईपुढं पदर पसरला. म्हटलं, बाय गो, माझ्या संतोषला सुखी ठेव, आनि शेठला उदंड आयुष्य दे. त्याच्या अंगाला दुखनं लावू नको, हातपाय धड ठेव, डोळे शाबूत ठेव. माझ्या आधी त्याला नेऊ नको गो आये.